वाढत्या अंगाचं

आमची सुट्टी एका स्टेशनाची होती. अंबरनाथला गाडीत बसायचं आणि बदलापूरला उतरायचं. चाळीतली बाकीची मंडळी परीक्षा संपल्या की कोकणात जायची, देशावर जायची, त्यांच्या एसटीच्या रिझर्व्हेशनच्या गप्पा होळीपासून सुरू व्हायच्या. आणि आम्ही नीट टेकतो न टेकतो तोच उतरायची वेळ. आईला मात्र त्यात काडीचा कमीपणा वाटत नसे. काशीला निघाल्यासारखी ती ट्रंक भरायची, फिरकीच्या तांब्यात पाणी घ्यायची आणि वाटेत खायला दशम्या बांधायची. दशम्यांचं फडकं सोडेपर्यंत बदलापूर येईल, असं बाबा दर वर्षी म्हणायचे. दर वर्षी आई त्या दशम्या मामाच्या ओटीवर बसून आम्हाला खायला लावायची, कारण प्रवासाचं खाणं प्रवासातच संपलं पाहिजे म्हणे.

सुट्टी संपली की खरेदी. तीही एकाच स्टेशनावर, फक्त उलट्या बाजूला. जूनचा पहिला आठवडा म्हणजे उल्हासनगर. वह्या, दप्तरं, रेनकोट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गणवेशाचं कापड. असं माझं सगळं बालपण तीन स्टेशनांत आटपलं, आणि खरं सांगायचं तर मला चौथ्याची कधी गरजही वाटली नाही.

परवा उल्हासनगरच्या कॅम्प चारला गेले होते. आईचे दोन ब्लाउज शिवायला टाकायचे होते. शाळा उघडायचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुकानात एक बाई आपल्या मुलाच्या पाठीला शर्ट लावून बघत होती. हल्ली गणवेश तयारच मिळतात, पिशवीत बंद, वर नंबर. दुकानदार सांगत होता की हाच नंबर बरोबर आहे, आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, एक नंबर मोठा दाखवा, वाढत्या अंगाचा आहे तो. मी तिथेच उभी राहिले. मागून कुणीतरी ढकललं, "आगे चलो ना आंटी" म्हणालं, तरी माझा पाय हलेना.

वाढत्या अंगाचं. किती वर्षांनी हे शब्द कानावर पडले! आमच्या घरात ते उठता बसता असायचे. पोराला कापड घ्यायचं ते आजच्या मापाचं नाही, पुढच्या वर्षीच्या. चड्डी गुडघ्याखाली आली पाहिजे, शर्टाचा खांदा दंडावर उतरला पाहिजे. शिवाय आतल्या बाजूला चार बोटं कापड दुमडून ठेवायचं, मास्तरांच्या भाषेत दाब, म्हणजे पोर त्याहून उंच झालं तर उसवून खाली सोडता येतं. पहिलं वर्ष गबाळ्यासारखं हिंडायचं, दुसरं वर्ष बऱ्यापैकी, आणि तिसऱ्या वर्षी दाब सोडलेल्या जागी जुन्या घडीची गडद रेघ मिरवत. शाळेत सगळ्यांचे कपडे असेच, म्हणून कुणी कुणाला हसत नसे. हसायचे ते फक्त माझ्या भावाला.

माझा भाऊ नंदू. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. त्याच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. धावता धावता तो मध्येच उकिडवा बसायचा, ओठ जांभळे पडायचे, आणि थोड्या वेळाने आपणच उठून काही झालंच नाही असा चालू लागायचा. तो अंग धरत नव्हता. आई दर जूनला त्याला वाढत्या अंगाचं शिवायची आणि पुढच्या जूनला ते तितकंच सैल असायचं. माझा स्कर्ट दर वर्षी वर सरकायचा आणि त्याची चड्डी आहे तिथेच. मामाचा विलास त्याला तंबू म्हणायचा. नंदू चिडायचा नाही, कारण चिडायला लागणारा दमही त्याच्याकडे नसायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातल्या एका मे महिन्याबद्दल मी बोलतेय. मी अकरा वर्षांची होते, तो आठ. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्याला दाखवून आणलं होतं आणि पावसाळ्यात ऑपरेशन करायचं ठरलं होतं. बाबा एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते, त्यांना रजा त्यासाठी साठवायची होती, म्हणून सुट्टीत ते आमच्याबरोबर आलेच नाहीत. फक्त साप्ताहिक सुट्टीला यायचे. त्यांच्या शर्टाला कंपनीचा तो उग्र वास असायचा, कितीही धुतला तरी न जाणारा. आल्या आल्या ते नंदूला जवळ घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे आणि जेवण वाढलं तरी उठायचे नाहीत.

बदलापूर तेव्हा गाव होतं. आता मी तिथेच राहते, सातव्या मजल्यावर, आणि खिडकीतून दुसऱ्या इमारतीचा सातवा मजला दिसतो. तेव्हा मामाच्या घराच्या मागून नदीकडे जाणारी पायवाट होती, दोन्ही बाजूंना जांभळाची झाडं. दुपारी पोरंटोरं नदीवर पळायची. नंदूला पाण्यात उतरायची बंदी. मामा त्याला खांद्यावर बसवून न्यायचा आणि काठच्या एका खडकावर ठेवायचा. तिथे बसून तो सगळ्यांचे कपडे सांभाळायचा. कोण किती वेळ पाण्याखाली राहतं याचा निवाडा तोच करायचा, आणि त्याचा शब्द अखेरचा. विलाससुद्धा निमूट ऐकायचा. त्या खडकावर बसलेला नंदू मला अजून दिसतो. जांभळं खाऊन सगळ्यांचेच ओठ निळे व्हायचे, तेवढ्या वेळापुरता तो आमच्यातला एक असायचा.

त्याच सुट्टीत एका दुपारी मामीने कुरडया घातल्या होत्या. अंगणात बाजेवर पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर कुरडयांच्या रांगा, आणि कावळे हाकायला मी. आई आणि मामी ओटीच्या सावलीला बसून शेवटचा चीक संपवत होत्या. मी तिकडे आहे हे त्यांच्या लक्षात नसावं, किंवा माझ्यापासून लपवण्याइतकं त्राण आईत उरलं नसावं. ती सांगत होती की डॉक्टर चांगला आहे, पण त्याने स्पष्ट सांगितलंय. ऑपरेशन केलं नाही तर पोर फार काढणार नाही, आणि केलं तरी टेबलावरून उठेल याची हमी नाही. मामी साचा दाबता दाबता थांबली.

"वन्सं, असं बोलू नये," ती म्हणाली. "देव हाय."

"आहे ना," आई म्हणाली. "पण मी आता काही मागत नाही त्याच्याकडे. मागून मागून थकले."

एक कावळा येऊन कुरडई घेऊन गेला. मला दिसत होता, तरी मी हात हलवला नाही. मामीने मग एकदम माझ्याकडे पाहिलं आणि चिकाची वाटी माझ्यापुढे ठेवली, तूप घालून. एरवी त्या चिकासाठी आम्ही भांडायचो. त्या दिवशी मी ती वाटी तशीच बाजूला सारली.

निघायच्या आदल्या दिवशी नंदूने आईजवळ हट्ट धरला. त्याने कधी हट्ट केलेला मला आठवत नाही, म्हणून हा लख्ख आठवतो. त्याला खेळणं नको होतं, गोळ्या नको होत्या.

"यंदा मला तंबू नको," तो म्हणाला. "मला बरोब्बर शिव. विलाससारखं."

आई ट्रंकेत कपडे भरत होती. तिने वर न बघता हो म्हटलं. मी चाट पडले. मी कधी असं काही मागितलं असतं तर पैसे काय झाडाला लागतात का, हे ऐकावं लागलं असतं.

मग तो जून, आणि ती कॅम्प चारची खरेदी. उल्हासनगरात खरेदी करायची म्हणजे आईच्या अंगात वेगळीच बाई संचारायची. एरवी शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला लाजणारी ती, पण तिथे शिरली की तिचं ते मराठी वळणाचं हिंदी असं काही सुटायचं की सिंधी दुकानदारही हात जोडायचे. भाव ऐकून ती हसायची, कापड खाली ठेवायची, आम्हाला दोघांना हाताला धरून बाहेर पडायची, आणि मागून "अरे बाई, सुनो तो" येईपर्यंत पावलं मोजून टाकायची. नव्या रेनकोटांच्या रबराचा वास, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, रस्त्यावर तळल्या जाणाऱ्या पकोड्यांचा वास. आम्हाला तिथला प्रत्येक वास पाठ होता. पण त्या वर्षी आईने घासाघीस केली नाही. दुकानदाराने सांगितलेल्या भावाला तिने मान हलवली आणि कापड फाडायला सांगितलं. तोच बिचारा गोंधळला. आपण भाव कमी तर सांगितला नाही ना, अशा नजरेने तो आईकडे बघत राहिला.

तिथून लछमन मास्तरांकडे. जुन्या लष्करी बराकीतल्या एका खोलीत त्यांचं मशीन होतं, बाहेर फळीवर कापडांचे गठ्ठे, गळ्यात टेप. जूनमध्ये त्यांना मान वर करायला फुरसत नसे. आमचे कपडे दर वर्षी तेच शिवायचे, त्यामुळे आमची मापं त्यांना घेण्याआधीच ठाऊक असायची. त्यांनी आधी माझं माप घेतलं, नेहमीसारखं ढगळ. मग नंदूला पुढे ओढलं, कमरेला टेप लावली आणि सवयीने विचारलं, "हर साल जैसा ना बाई? चार उंगली जादा?"

"नाही," आई म्हणाली. "यंदा अंगाबरोबर."

मास्तरांनी टेप तशीच धरली. "बच्चा है, बाई. बढेगा."

 आईने पदराने कपाळ पुसलं आणि रस्त्याकडे पाहत उभी राहिली. मास्तर पुन्हा म्हणाले, "अंदर दाब तो रखता हूँ. दिखेगा नहीं."

"दाब पण नको," आई म्हणाली. "त्याला जाड लागतं."

मास्तरांनी नंदूकडे पाहिलं. तो आनंदाने ताठ उभा होता, छाती फुगवून, माप चुकू नये म्हणून श्वास धरून. मग मास्तरांनी आकडे लिहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. परतीच्या वाटेवर नंदू बोलतच होता. आणि मी, कुरडयांच्या दुपारी सगळं ऐकलेली मी, धुमसत होते. याला बरोब्बर आणि मला तंबू, एवढंच मला त्यातून कळलं होतं. अकरा वर्षांचं डोकं ते. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळख देत नाहीत.

कपडे आले. नंदूने घातले आणि चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला, सावकाश, दम लागणार नाही असा. सगळ्या काकवांनी त्याला साहेब म्हटलं. खरंच देखणा दिसत होता. आई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. असं बघणं मी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी पाहिलं, मुलीला सासरी पाठवणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत.

श्रावणात ऑपरेशन झालं. त्या दिवसांबद्दल मला सांगता येईल असं फार काही नाही, कारण मला बदलापूरला मामीकडे ठेवलं होतं. पाऊस पडत होता. मामी दिवसातून कितीदा तरी देवापुढे जाऊन यायची आणि मला म्हणायची, काही नाही, वात सारून आले. मामा संध्याकाळी स्टेशनाजवळच्या वाण्याकडे फोन आलाय का बघायला जायचा. एक दिवस तो छत्री मिटायची विसरून तसाच आत आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच मामी मटकन खाली बसली. मीही घाबरले. पण तो हसत होता. रडत होता आणि हसत होता, आणि त्याला नीट सांगताच येईना.

नंदू घरी आला तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत शिवण होती. मास्तरांपेक्षा भारी टाके आहेत, असं तो सगळ्यांना शर्ट वर करून दाखवायचा. त्याचे ओठ गुलाबी होते. मला आधी ते ओठ ओळखूच येईनात. दिवाळीपर्यंत त्याला शाळेत पाठवायचं नव्हतं, त्यामुळे गणवेश कपाटात घडी घालून तसाच राहिला. आणि घरात बसून तो जेवायला लागला. कसा जेवायचा! पोळ्या करता करता आईचे हात दुखायचे, आणि हात दुखतायत हे ती चाळभर सांगत फिरायची.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी आईने त्याला अंघोळ घातली, भांग पाडला आणि कपाटातून गणवेश काढला. चड्डीचं बटण लागेना. तिने पोट आत घ्यायला सांगितलं, त्याने घेतलं, तरी लागेना. चड्डी मांडीवर अर्ध्यात आलेली. शर्टाच्या बाह्या वर गेलेल्या. आई गुडघ्यांवर बसली होती. सवयीने तिने चड्डीची कड उलटी केली, दाब बघायला. आत काहीच नव्हतं. नुसती बारीक शिवण. तिने दुसऱ्या पायाची कड उलटून पाहिली. तिथेही तेच.

ती तशीच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. दवाखान्यातसुद्धा ती अशी रडली नव्हती, बाबांनी नंतर सांगितलं. नंदू घाबरला, म्हणाला आई मी उद्यापासून कमी जेवीन. बाबा रात्रपाळीहून नुकतेच आले होते, चहाचा कप हातात. त्यांना वाटलं कपडे आखूड झाले म्हणून रडतेय. "पोर वाढलंय," ते म्हणाले, "मग रडतेस काय?"

"मी मापून टाकलं होतं हो याला," आई म्हणाली. "मास्तर दोनदा म्हणाले, वाढेल. परक्या माणसाला वाटलं वाढेल. मी आई असून मापून टाकलं."

तेव्हा मला कळलं. त्या फरशीवर, दप्तर पाठीला लावून उभी असताना, कुरडयांची दुपार आणि मास्तरांची टेप एकमेकींना येऊन मिळाल्या. पोराला एकदा तरी त्याच्या मनासारखं, बरोब्बर मापाचं घालायला मिळावं, म्हणून तिने ते शिवलं होतं. पुढच्या वर्षीचा विचार तिने सोडून दिला होता. बाबांनी कप खाली ठेवला आणि ते तिच्याशेजारी फरशीवर बसले. दोघांच्या मध्ये नंदू, बटण उघडं, काय चाललंय ते न कळून आळीपाळीने दोघांकडे बघणारा. त्या दिवशी आम्ही कुणीच शाळेत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आई एकटी कॅम्प चारला गेली. पण हंगाम उलटलेला, गणवेशाचे तागे कधीच आत गेलेले, दुकानांत स्वेटर लागलेले. तोच निळा मिळाला नाही. जरा फिका निळा मिळाला. मास्तरांनी नवीनच शिवून देतो म्हटलं, तिने ऐकलं नाही. त्याच चड्डीला खाली आणि कमरेला फिक्या निळ्याची रुंद पट्टी तिने त्यांच्याकडून जोडून घेतली. ती लांबूनसुद्धा दिसायची. शाळेत पोरांनी त्याला तंबूच्या जागी पट्टी म्हणायला सुरुवात केली. बाईंनी घरी निरोप पाठवला की गणवेश नियमाप्रमाणे असावा. बाबाही म्हणाले, जाऊ दे ना, नवी घेऊ. पण आई जूनपर्यंत हटली नाही. घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ती नंदूला उभं करून ती पट्टी दाखवायची, बघा, एवढा वाढला, एवढा! मामी आली तेव्हा तिने त्या पट्टीवरून बोटं फिरवली आणि बोटं कपाळाला लावली.

त्यानंतर आमच्या घरात अंगाबरोबर असं काही शिवलंच गेलं नाही. उशांचे अभ्रे ढगळ, रेडिओचं कव्हर ढगळ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नंदूचं लग्न झालं तेव्हा तो बाबांच्या डोक्याच्या वर गेला होता. सूट शिवायला गेलो तर आई त्या शिंप्याला म्हणाली, दाब ठेवा. शिंपी हसला. आता हे कुठे वाढणार मावशी, म्हणाला. आईचं उत्तर तयार होतं, पोट वाढेल. लग्नाच्या फोटोत नंदू त्या कोटात हरवल्यासारखा दिसतो आणि त्याची बायको अजून त्यावरून आम्हा सगळ्यांना ऐकवते. आता पोट वाढलंय. तो कोट परवापरवापर्यंत त्याला होत होता.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. गेल्या वर्षभरात ती फार उतरली. डॉक्टर माझ्याशी बाहेर येऊन बोलतात, आणि बाहेर येऊन बोलणाऱ्या डॉक्टरांचा अर्थ मला आता कुणी समजावून सांगायला नको. तिचे जुने ब्लाउज खांद्यावरून घसरतात. नवीन शिवायचे म्हटलं तर मला आता कशाला, आहेत ते पुरतील, एवढंच म्हणते.  पुरतील हा शब्द ऐकला, गुपचूप एक जुना ब्लाउज मापाला घेतला आणि कॅम्प चारला गेले.

लछमन मास्तर आता नाहीत. बराकीच्या जागी इमारत आहे आणि तळमजल्यावर त्यांच्या मुलाचं दुकान. त्याचेही केस पिकले. त्याने ब्लाउज उलटा करून पाहिला, आईची प्रकृती विचारली, आणि मी ती सांगितली. मग म्हणाला की त्या आता बारीक झाल्यात, तर अंगाबरोबर करून देतो, उगाच आत कापड टोचायला नको. माणूस भला आहे. माझ्या बऱ्यासाठीच बोलत होता. समोरच्या दुकानात ती बाई अजून मुलाच्या पाठीला शर्ट लावत उभी होती.

"खांद्याला बसतं करा," मी म्हटलं. "पण आत दाब ठेवा. चार बोटं."

काल ब्लाउज आले. आईला पलंगावर उशीला टेकवून बसवलं आणि एक तिच्या हातात दिला. तिला आता नीट दिसत नाही. तिने तो उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत गेली, बगलेपासून खाली, पुन्हा वर. अंगठा थांबला.

"केवढा दाब ठेवलाय गं," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "लागेल."